सावत्र आईची सोय

आमच्या कथावाङ्मयांत मुलास छळणारी स्त्री दिसली कीं वाचक तिला सावत्र आई समजूनच पुढें वाचूं लागतो. सख्खी आई असें करील ही कल्पनाच आम्हांस अभद्र वाटते. हा भित्रेपणा केवळ आमचा नव्हे. जर्मनींतील ग्रिम बंधूंनीं १८१२ सालीं छापलेल्या हिमगौरीच्या कथेंत मुलीच्या जिवावर उठलेली राणी तिची जन्मदात्रीच होती. १८१९ च्या आवृत्तींत त्यांनीं तिला सावत्र केलें. वाचकाची सोय झाली. सत्य मात्र घराबाहेर गेलें.

तें वैद्यकानें परत आणलें. १९७७ सालीं रॉय मीडो या इंग्रज बालवैद्यानें ‘लॅन्सेट’मध्यें दोन मुलांची हकीकत प्रसिद्ध केली. एकीच्या लघवीच्या नमुन्यांत तिची आईच भेसळ करी; दुसऱ्यास आई मीठ चारी, आणि तें मूल दगावलें. आपल्या आधारानें जगणाऱ्या जीवाचें दुखणें रचावयाचें आणि त्याच्या उशाशीं बसून जगाची सहानुभूति मिळवावयाची, असें या विकृतीचें स्वरूप आहे.

अशा मातेस राक्षसी म्हणून रंगविणें सोपें, पण तें चित्र खोटें होईल. कारण तिची सेवा खऱ्या सेवेसारखी हुबेहूब दिसते. अज्ञानाचीही ही गोष्ट नव्हे. आम्हां दर्यापूरकरांच्या उत्तरेस, मेळघाटांत, पोट फुगलेल्या तान्ह्यास तापल्या लोखंडाच्या डागण्या देतात. त्यास ‘डंबा’ म्हणतात. तेथें उपाय घातक, पण दुखणें खरें आणि माया निष्कपट असते. येथें दुखणेंच बनावट.

मग माया पारखावी कशी? साने गुरुजींची ‘श्यामची आई’ (१९३५) रडवी म्हणून तिला नाक मुरडणारे टीकाकार एक प्रसंग विसरतात. पोहावयास भिऊन लपलेल्या श्यामला ती आई शिंपटीनें झोडून विहिरीकडे पिटाळते. तिला मूल आपल्यावांचून तरंगावयास हवें आहे. आजार रचणाऱ्या आईस तें अंथरुणास खिळलेलें हवें असतें. डोळ्यांत पाणी दोघींच्याही असेल. मूल कोणत्या दिशेनें चाललें आहे तें पाहावें, म्हणजे भेद कळतो.

तथापि संशयाचेंही व्यसन लागतें. १९९९ सालीं सॅली क्लार्क या मातेवरील बालहत्येच्या खटल्यांत याच मीडो यांनीं साक्षींत सदोष आंकडे सांगितले. तिला जन्मठेप झाली; २००३ सालीं अपिलांत ती सुटली. आईला देवी मानणारा आणि तिला चेटकीण मानणारा, दोघेही पुरावा पाहण्याचे कष्ट टाळतात.

आमच्या कथाकारांनीं आतां सावत्र आईस रजा द्यावी आणि सख्ख्या आईस देव्हाऱ्यांतून उतरवून माणसांत बसवावें. देव्हाऱ्यांतल्या मूर्तीस कोणी प्रश्न विचारीत नाहीं. आणि तेवढ्यामुळें खाटेवरच्या मुलाचेंही कोणी ऐकत नाहीं.