जनीचे जाते

पिंडीवर पाय ठेवून निजलेल्या विसोबा खेचरांनी नामदेवांचा अभिमान उतरवला, ही कथा आमच्या औंढ्यात लहान मुलालाही ठाऊक असते. देव नाही अशी जागा शोधून तिथे पाय ठेव, असे त्यांनी सांगितले; ती जागा काही नामदेवांना सापडली नाही. याच नामदेवांच्या घरी राबणारी जनी परंपरेने गंगाखेडची. हा धडा घ्यायला तिला देवळात यावे लागले नाही. तिचा विठ्ठल जात्यापाशीच येऊन बसे.

जनाबाईच्या अभंगांचे कौतुक आपण भक्तीच्या अंगाने करतो, आणि ते योग्यच आहे. पण मला त्यांत कामाची नोंदही दिसते. दळण, कांडण, झाडलोट, पाणी, शेण्या वेचणे, सारे ती सांगते. मी कादंबऱ्या लिहिते, म्हणून मला याचे मोल अधिक वाटते. आमच्या कादंबऱ्यांत नायकाला भूक लागली की एका वाक्यात ताट येते. पीठ कुणी दळले, ते लिहायचे राहून जाते.

कोणी म्हणेल, देवच दळू लागला तर कष्ट कुठले उरले? मला उलट वाटते. भरल्या घरात जात्याच्या दुसऱ्या बाजूला बसायला तिला देवच बोलवावा लागला, यातच सारे आले. चमत्कार क्षणभर बाजूला ठेवा. मागे एकटी बाई आणि दाण्यांची रास उरते.

आपण मात्र चमत्कार तेवढा उचलला. बाईला गृहलक्ष्मी म्हटले की हिशेब मिटला! जमशेदपूरच्या १९८९ च्या अग्निकांडात मरण पावलेल्या गृहिणींच्या कामाचे मोल सर्वोच्च न्यायालयाने २००१ साली दरमहा ३,००० रुपये धरले. हिशेब झाला, पण त्या गेल्यावर. आणि २०२४ च्या सरकारी वेळवापर पाहणीत घरकाम करणाऱ्या बायकांची दिवसाकाठी सरासरी २८९ मिनिटे त्यात गेलेली दिसतात. घरकामाला हात लावणाऱ्या पुरुषांची अवघी ८८.

दिवाळीच्या सुटीत वाचकांनी जनाबाईचे अभंग पुन्हा काढावेत, आणि देवाचे नाव येते तिथेच न थांबता तिथे चाललेले कामही वाचावे. शेजारी चकलीच्या भाजणीची धावपळ चालू असेल, तर अर्थ लवकर लागेल.