दारिद्र्यरेषेच्या अलीकडे आणि पलीकडे

पुण्याच्या गोखले संस्थेतील अर्थशास्त्रज्ञ वि. म. दांडेकर आणि नीळकंठ रथ यांचा भारतातील दारिद्र्यावरील इंग्रजी प्रबंध १९७१ साली प्रसिद्ध झाला. आज तो फारसा कोणी वाचत नाही. मात्र ‘दारिद्र्यरेषा’ हा शब्द पिवळ्या शिधापत्रिकेच्या रूपाने घराघरांत पोहोचला, त्यात या प्रबंधाचा वाटा मोठा आहे. पिंपरी-चिंचवडच्या वाचकाने तर तो आवर्जून वाचावा.

प्रबंधाची मांडणी साधी आहे. ज्या खर्चात माणसाला दिवसाला २,२५० उष्मांकांचे अन्न मिळू शकते, ती पातळी लेखकांनी किमान मानली. १९६०-६१ च्या किमतींनुसार ती खेड्यात माणशी दरमहा १५ रुपये आणि शहरात साडेबावीस रुपये ठरली. खेड्यांतील सुमारे ४० टक्के आणि शहरांतील सुमारे ५० टक्के लोक त्या वर्षी या पातळीखाली होते. पुढील काळात विकासाची फळे मुख्यतः वरच्या थरांच्या पदरी पडली, हेही लेखकांनी आडपडदा न ठेवता सांगितले.

मला त्यांचे एक निरीक्षण सर्वांत मोलाचे वाटते. शहरातील दारिद्र्य म्हणजे खेड्यात न मावलेले, शहरात ओसंडलेले दारिद्र्यच होय, असे ते म्हणतात. पिंपरीला १९५४ मध्ये हिंदुस्थान अँटिबायोटिक्स आला, त्यामागून मोटारींचे कारखाने आले; १९७२ च्या दुष्काळानंतरही मराठवाडा, सोलापूर, नगर येथून माणसे येतच राहिली. मिस्सानंतर चर्चच्या आवारात कोणालाही मूळ गाव विचारावे, निराळा पुरावा लागत नाही. म्हणून लेखकांनी उपाय सुचवला तो दानाचा नव्हे, खेड्यातच काम देण्याचा. वि. स. पागे यांच्या पुढाकाराने महाराष्ट्राने हीच वाट धरली आणि १९७७ मध्ये रोजगार हमीचा कायदा केला. (आपल्या पगारातून कापला जाणारा व्यवसाय कर १९७५ साली याच योजनेसाठी बसवला गेला, हे किती कामगारांना ठाऊक असेल?)

माझा मतभेद यापुढचा आहे. माणूस किती खातो हे रेषा सांगते. उद्या खाईल की नाही, हे सांगत नाही. चाकणच्या कंत्राटी कामगाराचे वेतन पाहिले तर तो केव्हाच रेषेपलीकडे गेलेला दिसतो. पण कंत्राट संपते, नव्याची वाट पाहण्यात दोन-तीन महिने जातात, खोलीचे भाडे तुंबते, गावाकडचे कर्ज वाढते, आणि हे कोणत्याही सरासरीत उतरत नाही. कंत्राटी कामगारांविषयीचा कायदा १९७० चा, म्हणजे प्रबंधाच्या आदल्याच वर्षीचा. ही अनिश्चितता तेव्हा अज्ञात होती, असे म्हणता येत नाही.

पुढे सुरेश तेंडुलकर समितीने २००९ मध्ये उष्मांकांचा आधार सोडून शिक्षण व आरोग्य यांवरील खर्च विचारात घेतला. तरी २०११ साली नियोजन आयोगाने सर्वोच्च न्यायालयात सांगितले काय, तर शहरात दिवसाला ३२ रुपये आणि खेड्यात २६! जागतिक बँकेने १९९० मध्ये ‘दिवसाला एक डॉलर’ हे माप रूढ केले आणि चाड, सुदान यांसारखे देशही याच जातीच्या फूटपट्टीने मोजले गेले. २०२३ पासून युद्धात होरपळणाऱ्या सुदानमध्ये शेत आणि घर उद्या उरेल का, हा प्रश्न रोजच्या खर्चाच्याही आधीचा आहे.

पोप सहावे पॉल यांनी १९६७ च्या ‘पोप्युलोरुम प्रोग्रेसिओ’ या परिपत्रकात विकास प्रत्येक माणसाचा आणि संपूर्ण माणसाचा असावा, असे मांडले होते. द्राक्षमळ्याच्या दाखल्यातील धनीही चौकातल्या माणसांना मिळकत विचारत नाही. ती दिवसभर रिकामी का उभी आहेत, हे विचारतो.

दांडेकर-रथांना या प्रश्नाचे महत्त्व कळत नव्हते असे नाही. १९८५ साली रथ यांनी कर्जाने दुभती जनावरे वाटण्याच्या सरकारी योजनेवर कठोर टीका केली आणि पुन्हा रोजगाराचाच आग्रह धरला. मात्र त्यांचा उपाय वाचला गेला कमी, रेषाच वापरली गेली अधिक. धर्मग्रामांच्या मदत समित्याही आल्या माणसाकडे प्रथम पिवळे कार्ड मागतात. त्याऐवजी गेल्या बारा महिन्यांत किती महिने काम मिळाले, असे विचारले, तर चाकणच्या खोल्यांतून राहणारी काही नावे यादीत नव्याने येतील.