द्राक्षमळ्यांतून पळताना कोण दिसतं?

'वाइन कंट्रीतले रनिंग रूट' हा आता जवळपास एक स्वतंत्र साहित्यप्रकारच झालाय. टस्कनी असो, प्रोव्हान्स असो, नाहीतर स्पेनमधलं प्रिओरात, मजकूर ठरलेला. पहाट, धुकं, मातीची पांढरी वाट, सायप्रसची रांग, बारा किलोमीटर, तीनशे मीटर चढ आणि शेवटी एक ग्लास. मी हे सगळं आवडीने वाचतो. पाणी कुठे मिळेल, कुत्री कुठे आडवी येतील, कुठल्या वळणानंतर गुडघे बोलायला लागतील, हे त्यात नेमकं लिहिलेलं असतं. ऑफिसात अर्धा दिवस दुसऱ्यांचं भोंगळ डॉक्युमेंटेशन वाचणाऱ्या माणसाला या नेमकेपणाची किंमत कळते.

पण असे पंधरा-वीस मजकूर ओळीने वाचा. त्या टेकड्यांवर माणूसच नाही. असला तर बाकावर बसलेला एक म्हातारा, आणि तो फक्त हात हलवतो.

माझी तक्रार आधी वाचक म्हणून आहे, नीतीचं नंतर बघू. जे दिसतंय ते तसं का दिसतंय, हे वगळलं की वर्णन म्हणूनच ते कच्चं राहतं. टस्कनीच घ्या. दर टेकडीच्या माथ्यावर एकटं दगडी घर, आणि त्या घरांना जोडणारे कच्चे पांढरे रस्ते. पळणारे लेखक यावर जीव ओवाळून टाकतात. ही घरं अशी विखुरलेली आहेत ती मेझ्झाद्रियामुळे, म्हणजे आपल्याकडे जिला अर्धेल किंवा बटाई म्हणतात त्या पद्धतीमुळे. मालकाची जमीन, कुळाचं अख्खं कुटुंब त्याच जमिनीवर राहायला, आणि पिकाचे साधारण दोन वाटे. दुसऱ्या महायुद्धानंतर ही कुटुंबं कारखान्यांच्या शहरांकडे निघाली. 1964 मध्ये इटलीने कायदा करून असे नवे करार बंद केले. घरं ओस पडली, मग शहरातल्या आणि परदेशातल्या पैसेवाल्यांनी घेतली, काहींची हॉटेलं झाली. तुमच्या सातव्या किलोमीटरवरची ती 'निवांत शांतता' म्हणजे कोणीतरी रिकामं केलेलं घर आहे. एवढं एका ओळीत आलं असतं तर तो रूट मी जास्त रस घेऊन वाचला असता.

याच प्रदेशप्रकारावरची एक कादंबरी या सगळ्या मजकुरांना पुरून उरते. चेझारे पावेझेची 'ला लूना ए ई फालो', म्हणजे 'चंद्र आणि होळ्या', 1950 ची. ती घडते लांगेच्या टेकड्यांत, इटलीच्या वायव्येला. समुद्रापासून फार लांब नाही, पण पोस्टकार्डावरचं भूमध्यही नाही. आज तिथल्या द्राक्षमळ्यांना युनेस्कोचा जागतिक वारसा दर्जा आहे, 2014 पासून. कादंबरीतला निवेदक अनाथ, त्याच टेकड्यांत वाढलेला. अमेरिकेत पैसा कमावून परत येतो. आपलं जुनं घर बघायला जातो तर तिथे वालिनो नावाचा बटाईदार राहतोय, आणि त्याचा पायाने अधू मुलगा, चिंतो. ज्या उतारावर आज कुणाच्यातरी घड्याळात पेस मोजला जातोय, तिथे पावेझेने पळू न शकणारा मुलगा उभा केलाय. मालकिणीचा वाटा चुकता करता करता वालिनोचं डोकं फिरतं. तो घरातल्या बायकांना मारतो, घर पेटवतो आणि गळफास घेतो. चिंतो तेवढा वाचतो.

पावेझे टेकडीचं सौंदर्य नाकारत नाही, ही माझ्या मते त्याची मोठी गोष्ट. वेलींच्या ओळी, वाळकं गवत, उन्हाचा वास, सगळं आहे आणि लोभस आहे. पण निवेदकाला ते परवडतं, कारण तो आता पाहुणा आहे. हे त्याला कळतं, आणि कादंबरी त्या कळण्यावरच चालते. रनिंग रूट लिहिणारा पाहुणाच असतो, फक्त ते तो लिहित नाही.

मग पळण्यावर लिहिणाऱ्या कुणालाच हे जमलं नाही का? हारुकी मुराकामीला निम्मं जमलंय. त्याच्या पळण्यावरच्या पुस्तकात (जपानीत 2007, इंग्रजीत 2008) एक प्रकरण ग्रीसचं आहे. जुलै 1983, भर उन्हाळ्यात तो अथेन्सहून मॅरेथॉन गावापर्यंत एकटा पळतो, म्हणजे दंतकथेच्या उलट दिशेने. तिथे सायप्रस आणि धुकं नाही. गाड्यांचा रस्ता आहे, आणि तो रस्त्यावर मरून पडलेली कुत्री-मांजरं मोजतो. तीन कुत्री, अकरा मांजरं. शेवटी त्याला बिअर मिळते, पण पळताना मनात होती तितकी ती चांगली लागत नाही. 'शेवटी एक ग्लास' या ठरलेल्या शेवटाची इतकी चांगली हवा मी दुसरीकडे काढलेली पाहिली नाही. तरी रस्त्याकडेच्या शेतांत काम कोण करतंय, हा प्रश्न त्याला पडत नाही. त्याचा रस्ता खरा आहे, पण आहे त्याच्या एकट्याचा.

मला हा प्रश्न पडतो, त्यात खडकीचा हात असावा. आमच्याकडे पळायचं म्हणजे लष्करी भिंतींच्या कडेने पळायचं. दारूगोळ्याची फॅक्टरी 1869 पासूनची. पाळीच्या वेळेला रस्ता सायकली आणि स्कूटरींचा होतो, आणि पळणाऱ्याने गुपचूप कडेला व्हायचं असतं. रस्ता आधी कामाला जाणाऱ्यांचा, हे इथे शिकवावं लागत नाही.

आता नाशिक. आपली वाइन कंट्री हीच. सुलाची वायनरी 2000 च्या सुमारास गंगापूर धरणाच्या बाजूला सुरू झाली, 2001 मध्ये राज्याने द्राक्ष-प्रक्रियेचं धोरण आणलं, आणि आता मराठीतही 'द्राक्षमळ्यातली पहाटेची धाव' छाप लिखाण येऊ लागलंय. ते टस्कनीच्या मजकुराची नक्कल आहे, आणि नक्कल हवामानापाशीच फसते. भूमध्याकडे वेल हिवाळ्यात झोपतो आणि सुगी साधारण ऑगस्ट ते ऑक्टोबर. नाशिकला वेल असा झोपत नाही, म्हणून वर्षात दोनदा छाटावा लागतो. एप्रिलच्या आसपास खरड छाटणी, सप्टेंबर-ऑक्टोबरात गोडी छाटणी, आणि वाइनच्या द्राक्षांची तोडणी जानेवारी ते मार्चच्या दरम्यान. शिवाय नाशिकच्या द्राक्षांत वाइनचा वाटा लहान, बाकी सगळी खायची. त्यांना विरळणी लागते, घड औषधात बुडवायचं डिपिंग लागतं. म्हणजे तासन्‌तास हात वर करून मांडवाखाली उभं राहायचं. हे करायला पेठ, सुरगाणा, त्र्यंबकेश्वरकडून आदिवासी मजुरांच्या टोळ्या येतात, एकरी उक्तं काम घेतात. पहाटेच्या रूटवर सगळ्यात आधी दिसणार ती त्यांची पिकअप. आपल्या मजकुरात तिला 'गावाकडची लगबग' म्हणतात.

आणि गंमत बघा, पळण्याची मराठीतली सगळ्यात मोठी गोष्ट याच पश्चिम पट्ट्यातली आहे. कविता राऊत, सावरपाड्याची, म्हणून 'सावरपाडा एक्स्प्रेस'. 2010 च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत 10,000 मीटरमध्ये कांस्य, त्याच वर्षी ग्वांगझूच्या आशियाई स्पर्धेत रौप्य, 2016 ला रिओत ऑलिम्पिक मॅरेथॉन. सुरुवात अनवाणी. मोनिका आथरे दिंडोरी तालुक्यातली, म्हणजे थेट द्राक्षपट्ट्यातली; 2017 ला लंडनच्या जागतिक स्पर्धेत मॅरेथॉन पळली. या दोघींबद्दल वर्तमानपत्रांत भरपूर आलंय, पण ते सगळं जिद्दीच्या साच्यातलं. गरिबी, कष्ट, पदक, सत्कार. तिकडच्या मजकुरात टेकडी आहे आणि माणूस नाही, इकडच्यात माणूस आहे आणि टेकडी नाही. सावरपाड्याचा चढ पायाला कसा लागतो, पावसाळ्यात तिथली माती धरते की सरकते, डांबरावर पहिल्यांदा बूट घालून पळताना काय वेगळं वाटलं, हे कुणी विचारलेलं माझ्या वाचनात नाही. विचारतात ते आई-वडील काय करायचे आणि पदक मिळाल्यावर कसं वाटलं.

मला वाचायचाय तो लेख कविता राऊतने लिहिलेला असावा, आणि लांबलचक असावा. हरसूलकडून नाशिककडे येणारा रस्ता, किलोमीटरनिशी, चढउतारांनिशी, गोडी छाटणीच्या दिवसांतला. सुलाच्या फाटकावरून तो कदाचित जाईल. आत वळलाच पाहिजे असं काही नाही.