एकच खेप

दिवाळीच्या अंकात दारूचा विषय काढावा की नाही, याचा मी बराच विचार केला. पण ज्या कादंबरीविषयी लिहावयाचे आहे तिच्यातले घर दारूच्या पिंपांवरच उभे आहे. आणि ते घर इतके भरलेले, इतके मायेचे आहे की सणासुदीलाच त्याची आठवण व्हावी. मारिओ पूझो या अमेरिकन लेखकाची ‘द गॉडफादर’ ही ती कादंबरी. ती 1969 साली निघाली आणि 1972 मधल्या कोपोलांच्या चित्रपटाने जगभर पोचली. पुष्कळांना ती नुसती खुनाखुनीची गोष्ट वाटते. मला ती एका सभ्य मुलाला त्याच्या घराने कसे गिळले, याची गोष्ट वाटते.

अमेरिकेत 1920 ते 1933 अशी तेरा वर्षे देशभर दारूबंदी होती. कायदा मोठा चमत्कारिक. दारू गाळणे, विकणे, वाहून नेणे हा गुन्हा. पिणे मात्र गुन्हा नव्हे. म्हणजे पिणारा सभ्य राहिला आणि पुरवणारा तेवढा गुन्हेगार ठरला. पूझोचा व्हिटो कॉर्लिओन हा सिसिलीहून आलेला माणूस या दिवसांत ऑलिव्ह तेलाचा व्यापार करीत असतो. एका गल्लीगुंडाचा खून त्याच्या हातून पूर्वीच झालेला आहे, तरी जगाच्या लेखी तो साधा व्यापारी. कॅनडातून चोरटी दारू आणणारी मंडळी त्याचा मित्र क्लेमेंझा याच्यामार्फत त्याच्याकडे येतात. त्यांना मालमोटारी हव्या असतात, आणि व्हिटोच्या तेलाच्या मोटारी दारात उभ्याच असतात. इथून व्हिटोचा ‘डॉन’ होतो. दारूबंदी नसती, तर बहुधा हा गृहस्थ तेलाचा व्यापारी म्हणूनच म्हातारा झाला असता.

या भागातला एक तपशील लेखकाची ताकद दाखवतो. माल नेताना एखादा ड्रायव्हर पकडला जाऊन तुरुंगात गेला, तर त्याच्या बायकामुलांना डॉनकडून पैसे पोचतात. आणि तेही भीक घातल्यासारखे नव्हे, तर तो बाहेर असताना जितके मिळवीत होता तितके. हे वाचताना आपले मन विरघळते. आपण गुन्हा विसरतो आणि धनी पाहतो. पूझोने एके ठिकाणी सांगितले आहे की, डॉनच्या तोंडची वाक्ये लिहिताना त्याच्या कानांत स्वतःच्या आईचा आवाज असे. हे वाचल्यावर मला डॉनची सारी मोहिनी उलगडली. गुंडाच्या मिशांआड मुलांना पोटाशी धरणारी गरीब घरची आई बसली आहे! अशा माणसाला ‘नाही’ कसे म्हणणार?

त्याला ‘नाही’ म्हणून दाखवतो तो धाकटा मुलगा मायकेल. बापाच्या मर्जीविरुद्ध तो सैन्यात जातो, कॅप्टन होतो, पुढे कॉलेजात शिकतो. बहिणीच्या लग्नात तो आपल्या मैत्रिणीला, केला, घेऊन अंगणाच्या पार कोपऱ्यातल्या टेबलाशी बसतो. ते टेबल म्हणजेच त्याची सभ्यता. पण त्याचे बालपण दारूबंदीच्याच वर्षांत गेले. ताटातला घास आणि अंगावरचा सदरा त्याच मोटारींतून आला. पुढे बापावर गोळ्या झाडल्या जातात, आणि मायकेल कोपऱ्यातून उठतो. बापाला वाचवायला दुसरा मार्ग नाही, म्हणून तो दोन माणसे मारतो. लोभ नाही, व्यसन नाही, निव्वळ पितृप्रेम. एवढी एकच खेप, मग पुन्हा आपले कॉलेज!

आपल्या वाचकाला इथे सुधाकर आठवल्यावाचून राहणार नाही. गडकऱ्यांचे ‘एकच प्याला’ रंगभूमीवर आले ते 1919 साली. त्याच वर्षाच्या जानेवारीत अमेरिकेतल्या दारूबंदीच्या घटनादुरुस्तीला मान्यता मिळाली होती. एकाच वर्षातल्या या दोन गोष्टी. सुधाकरही सभ्य, बुद्धिमान वकील; त्यालाही पहिला प्याला ‘एकच’ म्हणून हाती मिळतो. मात्र गडकरी आपल्याला पिणाऱ्याच्या घरात नेतात आणि पूझो विकणाऱ्याच्या घरात. एका घरात सिंधू जात्यावर बसते, दुसऱ्या घरात लग्नाचे जेवण चालते. ही दोन्ही घरे एकाच मालमोटारीच्या दोन टोकांना आहेत, हे पूझो आपल्याला कधीच सांगत नाही.

या कादंबरीवर माझा मुख्य आक्षेप हाच आहे. मादक द्रव्यांचा धंदा डॉनला घाणेरडा वाटतो, म्हणून तो त्यात पडत नाही. दारू आणि जुगार ही मात्र माणसांची निरुपद्रवी हौस, असा त्याचा हिशेब. हा हिशेब त्याने करावा हे ठीक. पण लेखकानेही तो जसाच्या तसा मान्य करावा? कॉर्लिओनच्या पिंपांनी किती सिंधूंना जात्यावर बसवले असेल! त्यांतली एकही या कादंबरीत येत नाही.

अगदीच येत नाही, असे म्हणणे मात्र अन्यायाचे होईल. शेवटी ती येते, फक्त विकणाऱ्याच्याच घरात. चित्रपटाचा शेवट केच्या तोंडावर बंद होणाऱ्या दाराने होतो. कादंबरीचा शेवट मला अधिक खोल वाटतो. तिथे के देवळात जाऊन नवऱ्याच्या आत्म्यासाठी प्रार्थना करते. तिला सारे कळले आहे, आणि तरीही ती त्याच्या घरात राहिली आहे. मायकेलला गिळणाऱ्या घराने आता तिलाही गिळले. सिंधूची आणि तिची जात एकच.

माझ्या वर्गात एक मुलगा होता, हुशार, अबोल. ‘दारूचे दुष्परिणाम’ या विषयावर मी निबंध लिहायला सांगितला, तेव्हा त्याने वही कोरी दिली. मी रागावलो. पुढे समजले की त्याच्या घरी हातभट्टी होती, आणि ती वहीही त्याच पैशातली होती. बापाविरुद्ध लिहावे, तर जेवतो ते अन्न कडू व्हावे. न लिहावे, तर मास्तर रागावणार. त्याच्या त्या कोऱ्या पानाला मी शून्य गुण दिले होते. आज वाटते, वर्गातला सर्वांत प्रामाणिक निबंध तोच होता. पूझोची कादंबरी मोठी आहे ती या कोऱ्या पानाची वेदना तिला ठाऊक आहे म्हणून. आणि ती उणी पडते ती पुढे त्या पानावर मोहक अक्षर काढते म्हणून.

‘गॉडफादर’ जरूर वाचावी. मात्र तिच्यातल्या लग्नाच्या पंगतीत बसताना, त्या मालमोटारी रात्री कोणाच्या दारात रिकाम्या झाल्या, एवढे एकदा मनाशी विचारावे.