आदेश क्रमांक ३ : मुक्तीच्या संहितेतील दोन स्वर

अमेरिकेतील गुलामगिरीच्या अंताचा संदर्भ मराठी वाचकाला प्रामुख्याने महात्मा फुले यांच्या 'गुलामगिरी' (१८७३) या ग्रंथाच्या अर्पणपत्रिकेतून परिचित आहे. तेथे गौरव आहे तो दास्यविमोचनासाठी झटलेल्या अमेरिकेतील सज्जनांचा. मुक्तीची वार्ता प्रत्यक्ष दासांपर्यंत कोणत्या भाषेत पोहोचली, हा प्रश्न त्यामुळे मागे राहतो. त्या दृष्टीने १९ जून १८६५ रोजी टेक्सासमधील गॅल्व्हेस्टन येथे मेजर जनरल गॉर्डन ग्रेंजर यांच्या नावे निघालेला आदेश क्रमांक ३ हा एक संहिता म्हणून वाचणे उद्बोधक ठरते. 'जूनटीन्थ' हा मुक्तिदिन याच आदेशाच्या स्मरणार्थ पाळला जातो.

आदेश अवघ्या काही वाक्यांचा आहे. सर्व गुलाम मुक्त आहेत, असे तो टेक्सासच्या जनतेला कळवितो. म्हणजे येथे जनता वेगळी आणि गुलाम वेगळे. ज्यांची मुक्ती घोषित होते, ते या वाक्यात केवळ तृतीय पुरुषी आहेत. लिंकन यांचा जाहीरनामा १ जानेवारी १८६३ पासून अमलात होता. मधल्या अडीच वर्षांविषयी आदेशात अवाक्षरही नाही. पुढील वाक्य मात्र खरोखर थोर आहे. पूर्वीचे मालक व गुलाम यांच्यात व्यक्तिगत आणि मालमत्तेच्या हक्कांची संपूर्ण समानता ते मान्य करते.

परंतु लगेच स्वर पालटतो. मुक्तांनी आहे तेथेच शांतपणे राहावे व मजुरीवर काम करावे, असा सल्ला येतो. त्यानंतर 'कळविणे' हे क्रियापद पुन्हा अवतरते, आणि या वेळी ते मुक्तांना उद्देशून आहे : लष्करी ठाण्यांवर जमू दिले जाणार नाही, आळसात पोसले जाणार नाही. पिढ्यान्‌पिढ्या विनामोबदला राबलेल्यांना आळसाबद्दल दिलेली ही ताकीद मालकाच्याच शब्दकोशातील आहे, असे प्रस्तुत लेखकास वाटते. मुक्तीची बातमी जनतेला आणि मनाईची तेवढी मुक्तांना!

१७ जून २०२१ रोजी जूनटीन्थला राष्ट्रीय सुट्टीचा दर्जा मिळाला. मात्र आदेशाच्या उत्तरार्धाला खरे प्रत्युत्तर त्यापूर्वी दीडशे वर्षे मिळाले होते. १८७२ मध्ये ह्यूस्टन येथील मुक्त कृष्णवर्णीयांनी वर्गणी जमवून १० एकर जमीन विकत घेतली. हेतू एकच होता : दरवर्षी १९ जूनला एकत्र जमता यावे. ती जागा आजही 'इमॅन्सिपेशन पार्क' याच नावाने ओळखली जाते.