'किती खोल्या?' हा प्रश्न पुरत नाही

मार्च 2020 मध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने गृह अलगीकरणाच्या सूचना काढल्या. हवेशीर, स्वतंत्र खोलीत राहा. शक्यतो संडास-बाथरूमही वेगळं असावं. आता शेजारी 2011 ची जनगणना ठेवा. देशातल्या 37.1 टक्के कुटुंबांकडे एकच खोली, 3.9 टक्क्यांकडे स्वतःची अशी एकही नाही. दहातल्या चार घरांना ही सूचना पाळताच येणार नव्हती.

बहुतेक निबंध इथे येऊन थांबतात. माझा आक्षेप या मोजणीवरच आहे. जनगणनेत खोली म्हणजे माणूस झोपू शकेल एवढी जागा: किमान 2 मीटर लांब, दीड मीटर रुंद, 2 मीटर उंच. स्वयंपाकघर, न्हाणी यात येत नाहीत. वर्ध्याकडच्या गावातलं घर मात्र छपरी, आंगण आणि वावरातली झोपडी धरून होतं. छपरीत खाट टाकून चौदा दिवस काढणारा माणूस अलग होता की नव्हता? तक्त्यात तो 'एक खोली'तच बसतो. उलट, वर्धा शहरातल्या दोन खोल्यांच्या फ्लॅटला आंगणच नाही, पण तक्त्यात तो वरचढ ठरतो. आणि संडास दोन्हीकडे एकच! घरकुल योजनेतलं 25 चौरस मीटरचं घरही (स्वयंपाकाची जागा धरून) याच हिशेबातलं.

सेवाग्रामला जाऊन बघा. 1936 च्या आदि निवासात सुरुवातीला सगळे एकत्रच राहत. त्यात कस्तुरबांची कुचंबणा होते हे पाहून जमनालाल बजाजांनी बा कुटी बांधून दिली. कुष्ठरोगी परचुरे शास्त्रींसाठी वेगळी कुटी झाली, तीही आश्रमाच्या आवारातच. सरकारी सूचनेतलं 'अलग' आणि हे 'अलग' एक नाही. अर्थात आश्रमाला मोकळी जमीन होती. एकखोलीवाल्याकडे ती कुठून यायची?

लॉकडाऊनमधले पुष्कळ सर्वे गुगल फॉर्मवर झाले. ज्याच्याकडे नेट आणि फॉर्म भरायला निवांत कोपरा होता, त्यानेच भरले. म्हणून तिथे बाल्कनीची तक्रार फार दिसते. संडासाबाहेरच्या रांगेची दिसत नाही.

तुम्ही प्रश्नावली बनवत असाल तर 'किती खोल्या' याच्याखाली एक ओळ वाढवा: काल रात्री घरातलं कोण कुठे झोपलं? फक्त मे महिन्यात विचारू नका, तेव्हा अर्धं घर आंगणातच असतं. जुलैत पुन्हा जा.