उपरेपणाची शिस्त : लॉरेन्सच्या गीतकारितेचा विचार

१

लोकप्रिय संगीताच्या समीक्षेत 'उपरा कलावंत' ही संज्ञा बरीच सैलपणे वापरली जाते. संगीताचे रीतसर शिक्षण नसलेला, व्यवहाराचे भान नसलेला आणि म्हणूनच 'निरागस' ठरवला गेलेला गायक या संज्ञेत बसतो. प्रस्थापित व्यवस्थेला जाणीवपूर्वक नकार देणारा बंडखोरही तिच्यातच बसवला जातो. इंग्लंडमधील गीतकार-गायक लॉरेन्स (जन्म १९६१) याला गेली चार दशके याच नावाने ओळखले जाते. परंतु त्याची कारकीर्द या दोन्ही प्रकारांच्या बाहेर पडते. आपल्या निर्मितीची संख्या, क्रम, मुखपृष्ठ आणि नाव यांचा इतका काटेकोर विचार करणाऱ्या कलावंताला निरागस म्हणता येत नाही. त्याला प्रसिद्धी हवी होती आणि ही इच्छा त्याने कधी लपवली नाही, त्यामुळे रूढ अर्थाने तो बंडखोरही नव्हे. जो आत येऊ इच्छितो, पण आत येण्याच्या अटी स्वतः ठरवू पाहतो, अशा कलावंताचे हे उपरेपण आहे. 'फेल्ट', 'डेनिम', 'गो-कार्ट मोझार्ट' आणि 'मोझार्ट इस्टेट' या चार नावांखाली झालेल्या निर्मितीचा विचार या अंतर्विरोधाच्या आधारे केल्यास तिची संगती लागते. तिच्याभोवती उभ्या राहिलेल्या अपयशाच्या आख्यायिकेचीही मग चिकित्सा करता येते.

२

या कारकिर्दीची पार्श्वभूमी म्हणून 'इंडी' या शब्दाचा उलगडा आवश्यक आहे. १९७६-७७ च्या पंक लाटेनंतर ब्रिटनमध्ये छोट्या ध्वनिमुद्रण संस्था निघाल्या. चेरी रेड, फॅक्टरी आणि रफ ट्रेड या संस्थांच्या ध्वनिमुद्रिका १९७८ पासून बाजारात येऊ लागल्या. जानेवारी १९८० पासून अशा संस्थांच्या विक्रीची स्वतंत्र क्रमवारीही प्रसिद्ध होऊ लागली. आरंभी 'इंडी' या शब्दाने कोणत्याही शैलीचा निर्देश होत नव्हता. ध्वनिमुद्रिका मोठ्या कंपन्यांच्या वितरणव्यवस्थेबाहेरून विकली जाते, एवढीच वस्तुस्थिती त्यातून सांगितली जाई. शैलीचा अर्थ त्याला पुढे चिकटला.

मराठी वाचकाला येथे साठोत्तरी लघुअनियतकालिकांचे स्मरण होणे स्वाभाविक आहे. स्वतः छापणे, स्वतः वाटणे आणि व्यावसायिक चौकटीबाहेर राहणे हे साम्य खरे असले तरी ते मर्यादित आहे. लघुअनियतकालिकांना बाजारातील यशाची मोजदाद ठेवण्याचे कारण नव्हते. ब्रिटिश इंडी संस्कृतीने मात्र आरंभीच आपली विक्री-क्रमवारी तयार केली. म्हणजे बाहेर राहण्यालाही तेथे एक स्पर्धा जोडलेली होती. लॉरेन्सच्या महत्त्वाकांक्षेची घडण या स्पर्धेत झाली, हे विसरता येत नाही.

३

लॉरेन्स बर्मिंगहॅमचा. त्याचे वाढते वय शहरालगतच्या वॉटर ऑर्टन या गावात गेले. १९७९ मध्ये 'इंडेक्स' हे पहिले सिंगल त्याने घरच्या खोलीत साध्या कॅसेट रेकॉर्डरवर ध्वनिमुद्रित करून स्वतःच प्रसिद्ध केले. त्यानंतर 'फेल्ट' हा वाद्यवृंद आकाराला आला. १९८० ते १९८९ या दशकात या नावाने दहा अल्बम आणि दहा सिंगल निघाले आणि मग हा वाद्यवृंद विसर्जित करण्यात आला. हा आराखडा पूर्वनियोजित होता, असे लॉरेन्स सांगत आला आहे. कलाविचाराच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट ही, की वाद्यवृंदाच्या आयुष्यालाच एखाद्या ग्रंथमालेप्रमाणे आदी आणि अंत देण्यात आला. रॉक संगीतात वाद्यवृंद बहुधा भांडणाने, थकव्याने किंवा मृत्यूने संपतात. येथे समाप्ती हा रचनेचाच भाग आहे.

'क्रम्बलिंग द अँटिसेप्टिक ब्यूटी' (१९८२) या पहिल्या अल्बममध्ये केवळ सहा रचना आहेत. ड्रमवादक गॅरी एंज याला झांजा वाजवण्याची मनाई होती. त्यामुळे तालाचा झगमगाट नाहीसा होतो आणि खालून येणारा एक बधिर, पुनरावर्ती ठोका तेवढा उरतो. त्यावर मॉरिस डीबँकची गिटार चालते. डीबँकला अभिजात गिटारवादनाचे शिक्षण मिळालेले होते. तो सुरावटींची जाळी विणतो आणि लॉरेन्सचा अर्धा गाणारा, अर्धा बोलणारा आवाज त्या जाळीमागे राहतो. 'द स्प्लेंडर ऑफ फिअर' (१९८४) मध्येही सहाच रचना असून त्यांपैकी केवळ दोन गायलेल्या आहेत. गीतकार म्हणून नाव मिळवू इच्छिणारा कलावंत आपल्याच अल्बममध्ये इतका वेळ मौन पाळतो, ही बाब उपेक्षणीय नाही. या टप्प्यावर लॉरेन्सची भूमिका गायकापेक्षा संपादकाची अधिक आहे. काय असू नये हे तो आधी ठरवतो.

येथे एक आक्षेप विचारात घेतला पाहिजे. फेल्टच्या पहिल्या पर्वाचे सौंदर्य मुख्यतः डीबँकचे आहे, मग त्याचे श्रेय लॉरेन्सच्या एकट्याच्या प्रतिभेला देणे कितपत न्याय्य ठरते? हा आक्षेप वजनदार आहे. १९८५ च्या 'इग्नाइट द सेव्हन कॅनन्स' नंतर डीबँक बाहेर पडला आणि मार्टिन डफी या तरुण वादकाचा ऑर्गन वाद्यवृंदाच्या केंद्रस्थानी आला, तेव्हा फेल्टचा ध्वनी पूर्णतः बदलला. तरीही रचनेतील संयम, शीर्षकांचा गंभीर डौल आणि आवाजाची अलिप्तता टिकून राहिली. यावरून लॉरेन्सच्या कर्तृत्वाचे स्वरूप नेमके करता येते. तो उत्तम वादकांना मर्यादा आखून देतो आणि त्या मर्यादेत त्यांना मोकळे सोडतो. 'ट्रेन अबव्ह द सिटी' (१९८८) हा याचा टोकाचा नमुना होय. या संपूर्ण वाद्यसंगीताच्या अल्बममध्ये लॉरेन्स गातही नाही, वाजवतही नाही. रचनांची शीर्षके तेवढी त्याची आहेत.

फेल्टला विस्तृत श्रोतृवर्गाच्या सर्वांत जवळ नेणारी रचना म्हणजे 'प्रिमिटिव्ह पेंटर्स' (१९८५). कॉक्टो ट्विन्स या वाद्यवृंदाच्या रॉबिन गथ्रीने तिची निर्मिती केली आणि एलिझाबेथ फ्रेझरने तीत स्वर मिसळला. इंडी क्रमवारीत ती पहिल्या स्थानी पोहोचली. आपल्या उणिवा मोजणारा कोरडा पुरुषी आवाज आणि त्याच्या पाठीमागून शब्दांच्या पलीकडे झेपावणारा स्त्रीस्वर यांच्या ताणावर ही रचना उभी आहे. एकट्या लॉरेन्सच्या आवाजाला जे साधत नव्हते ते येथे दुसऱ्या आवाजाने साधले. मात्र हा दाट, निनादणारा ध्वनी लॉरेन्सच्या मूळ संयमाशी विसंगतच होता. वाद्यवृंदाने लगेच पुढच्या वर्षी ॲलन मॅकगीच्या 'क्रिएशन' या संस्थेसाठी सुमारे वीस मिनिटांचा, लहान लहान वाद्यरचनांचा अल्बम काढला. यशाच्या पाठोपाठ त्या यशाची पुनरावृत्ती नाकारणारी ही कृती बाजाराच्या दृष्टीने अनाकलनीय होती. त्याच वर्षीच्या 'फॉरएव्हर ब्रीद्स द लोनली वर्ड' (१९८६) मध्ये मात्र आठ गीतांत भाषा, ऑर्गन आणि आवाज यांचा जो समतोल साधला आहे तो फेल्टच्या कारकिर्दीत पुन्हा क्वचितच साधला गेला.

४

'मी अँड अ मंकी ऑन द मून' (१९८९) या अखेरच्या अल्बममध्ये गीतांचा रोख बालपण आणि सत्तरचे दशक यांकडे वळला होता. 'डेनिम'चा 'बॅक इन डेनिम' (१९९२) या वळणाची परिणती आहे. फेल्टची धूसर काव्यात्मता येथे टाकून दिली जाते. त्याऐवजी सत्तरच्या दशकातील ग्लॅम संगीताचे ठसठशीत ठोके, बाजारू सिंथेसायझर आणि दैनंदिन वस्तूंची नावे येतात. या अल्बमसाठी 'ग्लिटर बँड' या सत्तरीतील वाद्यवृंदाच्या वादकांचेही साहाय्य घेण्यात आले.

हे स्मरणरंजन आहे का? वरवर पाहता तसे वाटते. परंतु 'द ऑस्मंड्स' या दीर्घ गीतात पोशाख, खेळणी आणि गायक यांची यादी चालू असतानाच २१ नोव्हेंबर १९७४ रोजी बर्मिंगहॅमच्या दोन मद्यगृहांत झालेल्या बॉम्बस्फोटांचा उल्लेख येतो. त्या स्फोटांत २१ माणसे मृत्युमुखी पडली. त्या वेळी लॉरेन्स त्याच परिसरातला तेरा वर्षांच्या आसपासचा मुलगा होता. यादीचा सूर बदलत नाही. पॉपगायक आणि मृत्यू एकाच पातळीवर मांडले जातात आणि त्यामुळे स्मरणरंजनाची ऊब विरते. मुलाच्या स्मृतीत इतिहास कसा साठतो, याचे हे नेमके रूप आहे. 'मिडल ऑफ द रोड' मध्ये तर रॉक संगीतातील पूजनीय नावांना नकार देऊन हीन समजल्या गेलेल्या पॉप गाण्यांची बाजू घेतलेली आहे. अभिरुचीची उतरंड उलटवण्याचा हा प्रयत्न पुढे 'ब्रिटपॉप' या नावाने रुळलेल्या प्रवाहाच्या आधीचा आहे. १९९४-९५ मध्ये ब्रिटिशपणाचा हा उत्सव यशस्वी झाला तेव्हा डेनिमला त्याचा लाभ झाला नाही. याचे कारण केवळ दुर्दैवात शोधता येणार नाही. ब्रिटपॉपने भूतकाळातून अभिमानास्पद ते निवडले, तर डेनिमने ओशाळवाणे ते निवडले.

दुर्दैवाचा वाटा मात्र होताच. १९९७ मध्ये 'समर स्मॅश' हे डेनिमचे सिंगल ईएमआय या बलाढ्य कंपनीच्या यंत्रणेतून येणार होते. ३१ ऑगस्ट रोजी पॅरिसमध्ये मोटार अपघातात राजकन्या डायना हिचे निधन झाले. शीर्षकातील 'स्मॅश' या शब्दाला अकस्मात भलताच अर्थ आला आणि प्रकाशन रद्द झाले. लॉरेन्सविषयीच्या बहुतेक लेखनात हा प्रसंग केंद्रस्थानी येतो. तथापि एका प्रसंगावर एवढा भार टाकला की त्याआधीची पंधरा वर्षे आणि त्यानंतरची पंचवीस वर्षे त्याची प्रस्तावना व उपसंहार बनून जातात. आख्यायिकेच्या दृष्टीने हे सोयीचे आहे. समीक्षेच्या दृष्टीने ते घातक आहे.

५

१९९९ पासून 'गो-कार्ट मोझार्ट' आणि २०२३ च्या अल्बमपासून 'मोझार्ट इस्टेट' या नावांनी आलेली निर्मिती हेतुतः स्वस्त वाटणाऱ्या ध्वनीची आहे. 'मोझार्ट्स मिनी-मार्ट' (२०१८) आणि 'पॉप-अप! कर-चिंग! अँड द पॉसिबिलिटीज ऑफ मॉडर्न शॉपिंग' (२०२३) ही शीर्षकेच पुरेशी बोलकी आहेत. दुकाने, सवलती, औषधे आणि सरकारी मदतीवरचे जगणे यांवरची ही गाणी जाहिरातीच्या धूनांसारखी उडती आहेत. 'रिलेटिव्ह पॉव्हर्टी' या गीतात दररोजच्या तुटपुंज्या रकमेवर जगण्याचा विषय येतो आणि चाल बालगीतासारखी राहते. आशय व चाल यांतील ही फारकत कधी कधी निव्वळ चमत्कृतीत संपते, हे मान्य केले पाहिजे. या पर्वातील काही विनोद एकदा ऐकल्यावर उरत नाहीत. जेथे ती फारकत साधते तेथे मात्र सुबत्तेच्या भाषेत दारिद्र्य बोलू लागते. फेल्टच्या काळात उपरेपण हा काव्यविषय होता. येथे तो वास्तव जीवनाचा तपशील झालेला आहे.

पॉल केली याच्या 'लॉरेन्स ऑफ बेलग्रेव्हिया' (२०११) या माहितीपटाने आणि विल हॉजकिन्सन याच्या 'स्ट्रीट-लेव्हल सुपरस्टार' (२०२४) या ग्रंथाने लॉरेन्सकडे नव्याने लक्ष वेधले. व्यसन, घर गमावणे, एकाकीपण आणि तरीही न मावळलेली तारांकित होण्याची इच्छा यांचे त्यांतील चित्र सहृदय आहे. मात्र या चित्राचा एक परिणाम असा, की अपयश हाच लॉरेन्सचा विषय, आणि जवळजवळ त्याची कलाकृती, मानली जाऊ लागली. येथे समीक्षेची नैतिक जबाबदारी सुरू होते. कलावंताच्या हलाखीला सौंदर्याचे मोल देणारा रसिक त्या हलाखीचा अप्रत्यक्ष लाभार्थी ठरतो. त्यात कलावंताचा उपमर्द तर होतोच, शिवाय त्याची निर्मिती ऐकली जाण्याचीही निकड उरत नाही.

लॉरेन्सचे स्वतःचे वर्तन या आख्यायिकेला छेद देणारे आहे. २०१८ मध्ये फेल्टचे दहाही अल्बम पुनर्प्रकाशित झाले तेव्हा त्यांत स्मारकाची स्थिरता नव्हती. 'इग्नाइट द सेव्हन कॅनन्स' मधील काही गीतांचे ध्वनिमिश्रण जॉन रिव्हर्सकडून नव्याने करून घेण्यात आले. १९८६ च्या वाद्यरचनांच्या अल्बमचे मूळ नावही बदलून 'द सेव्हन्टीन्थ सेंच्युरी' असे करण्यात आले. तीस वर्षांनंतर जुन्या हस्तलिखितात दुरुस्ती करणाऱ्या लेखकाची ही वृत्ती आहे. इतिहास-संशोधकाला ती अडचणीची वाटेल, कारण मूळ पाठ आणि सुधारित पाठ असा पाठभेद त्यामुळे निर्माण होतो. परंतु पराभूत माणूस आपल्या भूतकाळाचे नाव बदलत बसत नाही. ज्याला आपली कृती अजून पूर्ण व्हायची आहे असे वाटते, तोच ते करतो.

लॉरेन्सचे मूल्यमापन म्हणूनच विक्रीच्या आकड्यांवर करता येत नाही, आणि त्या आकड्यांच्या अभावावरही करता येत नाही. फेल्टच्या पहिल्या दोन अल्बममधील संयम, 'फॉरएव्हर ब्रीद्स द लोनली वर्ड' मधील समतोल आणि 'बॅक इन डेनिम' मधील निर्मम स्मृती या तीन सिद्धी त्याच्या नावावर निश्चितपणे जमा आहेत. उत्तरकालीन निर्मिती असमान असली तरी तिने गरिबीला पॉप गाण्यात एक अनोळखी, उडता सूर दिला. त्याचे उपरेपण नशिबाने लादलेले किती आणि शिस्तीने कमावलेले किती, याचा हिशेब या कृतींच्या श्रवणातूनच मांडावा लागेल. तेवढे केले, तर आख्यायिकेची गरज आपोआप कमी होईल.